आर्गन मारायचा की सीलंट भरायचं?

हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला जाणाऱ्या आमच्या स्टाफ बसमध्ये सातव्या रांगेतल्या डाव्या खिडकीशी पावसाळ्यात कुणी बसत नसे. वाकड सोडलं की छताच्या पट्टीतून पहिला थेंब त्या सीटवर पडायचा, आणि शिवाजी चौकातल्या कोंडीत गाडी अडकेपर्यंत सीट चिंब झालेली असायची. बसच्या मालकांनी गाडी दोनदा दुरुस्तीला नेली आणि दोन्ही वेळा छताचा सांधा आर्गन मारून, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात वेल्डिंग करून आणला. पहिल्या खेपेला पाणी आठवडाभर थांबलं, मग जुन्या जागेपासून वीतभर पुढे ठिबकू लागलं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्यांदा गाडी निघाली तेव्हा मी मालकांना म्हटलं, मलाही घेऊन चला. धातूंशी माझा रोजचा संबंध, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यावरच ठिबकत होता.

या वेळची शेड भोसरीत होती. मिस्त्रीकाकांनी शिडी लावली, बॅटरीच्या उजेडात सांधा पाहिला आणि मला वर बोलावलं. आर्गनचा टाका दिसायला सुरेख होता, एकावर एक नाणी आडवी पडावीत तसा. पण त्याच्या कडेला, टाका संपून मूळ पत्रा सुरू होतो तिथे, केसाएवढी काळी रेघ होती. काकांनी नख फिरवलं तर ते अडकलं. “साहेब, हा पत्रा हलतो,” ते म्हणाले. “जिथे पत्रा हलतो तिथे टाका टिकत नाही. शेजारून फाटतो.”

पत्रा किती हलतो, हे कागदावर मांडून पाहता येतं. ॲल्युमिनियम एक अंशाने तापलं की दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, पोलाद त्याच्या निम्मं, म्हणजे १२ भाग. बसचं छप्पर दहा मीटर धरा. पहाटे ते २० अंशांवर असेल आणि दुपारच्या उन्हात ६५ वर गेलं, तर ॲल्युमिनियमचं छप्पर दहा मिलिमीटरहून थोडं अधिक लांब होतं. खालची चौकट पोलादी असेल तर ती तेवढीच तापूनही साडेपाच मिलिमीटरच्या आत राहते. प्रत्यक्षात ती सावलीत असते, म्हणून आणखी कमी. म्हणजे पत्रा आणि चौकट यांच्यात रोज निदान पाचेक मिलिमीटरची ओढाताण चालते, आणि ती छताच्या सगळ्या सांध्यांना वाटून घ्यावी लागते. वर आपले रस्ते. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बॉडी पिळली जाते. जुन्या एसटीत पत्र्यांचा जो खडखडाट ऐकत आपण गावी गेलो, तो अशा सांध्यांच्या हालचालीचाच आवाज होता.

एसटीचं नाव घेतलंच आहे तर दापोडीला थांबायला हवं. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी गेली. तिची बॉडी लाकडी होती आणि वर कापडी छत होतं. पुढे ॲल्युमिनियम आलं, आणि दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या बॉड्या रिवेट मारून उभ्या राहिल्या. हलका, न गंजणारा, हाताने वाकवता येणारा पत्रा, आणि ठोकायला रिवेट. गावाकडच्या आगारातसुद्धा फाटलेला तुकडा काढून नवा बसवता यायचा. २०१८ च्या सुमारास महामंडळ माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे वळलं. अपघातात पोलादी सांगाडा प्रवाशांना जास्त वाचवतो, हे त्यामागचं मुख्य कारण. ते योग्यच झालं. पण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी ॲल्युमिनियमच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी मांडीवरच्या पिशवीवर झेललं आहे, आणि हिंजवडी-चाकण पट्ट्यात आजही मिनी बस, टेम्पोचे कंटेनर, रुग्णवाहिका, फिरती दुकानं अशा कितीतरी गाड्यांवर तोच रिवेटचा पत्रा आहे.

गंमत म्हणजे, पहिली एसटी सुटायच्या महिनाभर आधी, ३० एप्रिल १९४८ ला, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांपुढे आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून तिचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ती गाडी वाळवंटात आणि चिखलात नावाजली, आणि पावसात गळण्याबद्दलही तितकीच प्रसिद्ध झाली. आज हा ब्रँड टाटांकडे आहे, आणि त्याच घराण्यातल्या आलिशान रेंज रोव्हरची जुळणी २०२४ पासून पुण्यात होऊ लागली आहे. तिची बॉडीही मुख्यतः ॲल्युमिनियमची. ती वेल्डिंगने जोडली असेल असं वाटतं ना? पण लँड रोव्हर बनवणाऱ्या या कंपनीने ॲल्युमिनियमच्या गाड्यांसाठी मुख्य भर दिला तो रिवेट आणि चिकटद्रव्य या जोडीवर. म्हणजे ज्यांच्याकडे जगातली उत्तम वेल्डिंग यंत्रं आहेत, तेच ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवणं पसंत करतात.

याचं कारण ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे. या धातूला हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा चढतो. तो आहे म्हणून ॲल्युमिनियम गंजून झडत नाही. पण धातू ६६० अंशांना वितळतो आणि हा पापुद्रा २००० अंशांच्याही वर. म्हणजे आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरची साल शाबूत असते आणि दोन पत्र्यांचा रस एकमेकांत मिसळू देत नाही. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवा. तापलेल्या भांड्यात तो आधी नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मगच कथील सरसर पसरायचं. नवसागर तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकायचा. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये हे काम विजेची ठिणगी करते. आर्गन वायूच्या आडोशात विजेची दिशा सेकंदाला अनेकदा उलटसुलट केली जाते. एका दिशेत ठिणगी ऑक्साइड फोडते, दुसऱ्या दिशेत धातू वितळवते. आर्गन हवेला जवळ येऊ देत नाही, म्हणून नवी साल धरत नाही. अतिशय देखणी युक्ती आहे ही, आणि ती हातात उतरायला वर्षं लागतात.

तरी पातळ पत्र्यावर ती फसते, आणि बरेचदा चूक कारागिराची नसते. ॲल्युमिनियम उष्णता पोलादाच्या कितीतरी पट वेगाने पसरवतं, म्हणून टाका घ्यायला जास्त उष्णता ओतावी लागते. ओतावी तर सव्वा मिलिमीटरचा पत्रा एकदम खाली गळून पडतो. लोखंड तापताना लाल होऊन आधी इशारा देतं, ॲल्युमिनियम रंग बदलतच नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन भरपूर पिऊन घेतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की टाक्यात बुडबुडे राहतात, आणि त्या छिद्रांतूनच पुढे पाणी येतं. आता जुन्या बसचा सांधा डोळ्यांपुढे आणा. एकावर एक चढलेले दोन पत्रे, त्यांच्या पोटात दहा वर्षांचं पाणी, धूळ, ग्रीस आणि जुनं सीलंट. वरून कितीही घासा, पोट साफ होत नाही. ठिणगी पेटली की आतल्या ओलाव्याची वाफ टाका फोडून वर येते.

शिवाय ताकदीचा प्रश्न आहे. बॉडीचा पत्रा कारखान्यात लाटून किंवा उष्णतेचे संस्कार करून कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या शेजारची बोटभर पट्टी तापून तो कडकपणा गमावते. अनेक मिश्रधातूंत तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. मधोमध ताठ टाका, त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पडलेला पत्रा, आणि रोजची ओढाताण. चीर कुठे पडणार? काकांचं नख जिथे अडकलं तिथेच. आमच्या बसची गळती वीतभर पुढे का सरकत होती, याचा उलगडा असा झाला. वेल्डरने सांधा बंद केला होता, पण सांध्याची हालचाल त्याला बंद करता येणार नव्हती.

अर्थात गळतीचं मूळ तिथेही नव्हतंच, आणि तो सगळ्यांत शिकण्यासारखा भाग होता. काकांनी आतलं लायनिंग उतरवलं, मालकांना खडू घेऊन आत उभं केलं आणि पाण्याचा पाइप धरून सुरुवात केली ती खालून. आधी खिडकीखालचा पत्रा, मग खिडकीची चौकट, मग छताची कड, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. छप्पर येईपर्यंत आत थेंब नव्हता. मग तिसऱ्या रांगेच्या वर पाणी पडलं आणि अर्ध्या मिनिटात सातव्या रांगेत ठिपका उमटला. तीन मीटरचा प्रवास! छताच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या कुशीतून पाणी वाट काढत आलं होतं.

पाणी फक्त खाली वाहतं, असं आपण धरून चालतो. अरुंद फटीत ते वरही चढतं. दोन स्वच्छ पत्र्यांमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट असेल, तर केशाकर्षणाने पाणी तिच्यात जवळपास १५ सेंटिमीटर उंच चढू शकतं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढायचं तसंच. त्यात गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याला आणखी तीन सेंटिमीटर वर रेटतो. म्हणून काही गाड्या उभ्या असताना कोरड्या असतात आणि द्रुतगती मार्गावर गळतात.

तिसऱ्या रांगेवर छतात चार पॉप रिवेट निघाले. आतली सामानाची फळी बसवताना कुणीतरी ते मारले होते. मूळ भरीव रिवेट आणि हे पॉप रिवेट वरवर पाहता सारखेच वाटतात, पण साध्या पॉप रिवेटच्या मधोमध खिळा ओढल्याची पोकळी उरते. एकेक रिवेट म्हणजे छतात मारलेली बारीक नळीच. त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. काकांनी ती बोटावर घेऊन दाखवली. फळीचे स्क्रू पोलादाचे होते. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मध्ये पाणी असं त्रिकूट जमलं की त्याची छोटी बॅटरी होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ही भुकटी म्हणजे झिजलेला पत्रा. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, त्यामुळे पत्रा उचलला जातो आणि फट वाढते. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे फार झपाट्याने होतं.

मग सीलंटने काय वेगळं होतं? ते रबरासारखं असतं, पत्र्याबरोबर ताणलं जातं आणि मागे येतं. पण किती ताणायचं यालाही मर्यादा आहे, आणि बहुतेक गॅरेजांत चूक इथे होते. फट अर्ध्या मिलिमीटरची आणि हालचालही अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर आतल्या सीलंटला दुप्पट व्हावं लागतं. तोच थर पाच मिलिमीटर रुंद ठेवला तर ताण फक्त दहा टक्के. पहिला थोड्याच दिवसांत सुटेल, दुसरा वर्षानुवर्षं राहील. म्हणून सांध्यावर बोटाने फासलेली पातळ साय टिकत नाही. अंगठ्याएवढा जाड गोळाही टिकत नाही, कारण त्याच्या कडा पकड सोडतात. हवी असते ती मोजून टाकलेली, दोन्ही काठांना घट्ट धरणारी पट्टी. घरच्या नळाला लावतो ती कडक होणारी इपॉक्सी पुट्टी इथे निरुपयोगी आहे. ती वेल्डिंगसारखीच ताठ आणि वेल्डिंगपेक्षा कितीतरी कमकुवत.

सीलंटमध्येही निवड आहे. स्वस्तातलं, आंबट वासाचं सिलिकॉन गाडीला कधीही लावू नका. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि ते ॲल्युमिनियमला खातं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि एकदा लावलेलं सिलिकॉन पुरतं निघतही नाही. पुढच्या कारागिराचं काम त्याने कायमचं अवघड होतं. बस बांधणाऱ्यांचा भरवसा पॉलियुरेथेनवर, म्हणजे शेडमधल्या भाषेत पीयूवर असतो. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. उन्हाने त्याला भेगा पडतात, म्हणून वरून रंग हवा. जपानच्या कानेका कंपनीने आणलेली एमएस पॉलिमरची जात ऊन जास्त सोसते आणि पत्र्याला चांगली धरते. ती महाग आहे. छतासाठी मी तीच घेईन.

ज्यांना सीलंट म्हणजे ठिगळ वाटतं, त्यांनी लोहगावहून उडणाऱ्या विमानाचा पंख आठवावा. पंखाच्या पोकळीतच इंधन भरलेलं असतं. हजारो रिवेटनी जोडलेला तो ॲल्युमिनियमचा पंख गळत नाही, तो आतून लावलेल्या पॉलिसल्फाइड सीलंटमुळे. विमानांचे जुने नावाजलेले मिश्रधातू नेहमीच्या वेल्डिंगला दादच देत नाहीत, तडकतात. आणि विमानाचं कशाला, चाकणमध्ये बनणारी साधी पोलादी मोटार घ्या. तिच्या बॉडीवर तीन ते पाच हजार स्पॉट वेल्ड असतात. पण ते ठिपके आहेत. दोन ठिपक्यांमधून पाणी खुशाल आत येईल. ते अडवतं पेंट शॉपमध्ये सांध्यांवर ओढलेलं आणि भट्टीत भाजून पक्कं केलेलं सीलंट. नंतर गाडी शॉवर टेस्टच्या कृत्रिम पावसातून जाते ती त्याचीच परीक्षा द्यायला. जोडणं हे एक काम आणि पाणी अडवणं हे दुसरं, असं मोटारीच्या कारखान्यांनी केव्हाच मान्य केलं आहे.

मग ॲल्युमिनियमला वेल्डिंग करूच नये का? असं म्हणणं वेल्डरवर अन्याय करणारं ठरेल. दापोडीलाच मान वर करा. १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेल्या पुणे मेट्रोच्या टप्प्यावरून आज टिटागढ कंपनीचे ॲल्युमिनियमचे मेट्रो डबे धावतात. असे डबे सहसा लांबच लांब पोकळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या शेजारी ठेवून, कडेने सलग वेल्डिंग करून बनवतात. तिथे जाडी पुरेशी असते, कडा वेल्डिंगसाठीच घडवलेल्या असतात, खाली आधार असतो, कारखाना कोरडा असतो, आणि सगळं कवच एकाच धातूचं असल्याने एकत्रच फुगतं आणि आकसतं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने तर धातू न वितळवता, फिरत्या दांड्याच्या घर्षणाने मळून जोडण्याची रीत शोधली. ॲल्युमिनियमच्या कितीतरी अडचणी तिने संपवल्या. पण ती भोसरीच्या शेडमध्ये शिडीवर चढून करता येत नाही.

म्हणून माझा निवाडा असा. पत्रा स्वतःच फाटला असेल, ब्रॅकेट तुटला असेल, जाड भागाला चीर असेल, तर जुना रंग आणि सीलंट पूर्ण काढून, चांगल्या हाताकडून आर्गनच मारून घ्या. चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायला सांगा, म्हणजे ती पुढे धावत नाही. पण दोन पत्रे जिथे रिवेटने भेटतात तो सांधा गळत असेल, तर वेल्डिंगला नकार द्या. आणि रिवेटच सैल झाले असतील तर सीलंटलाही नकार द्या, आधी रिवेट बदला. २०२३ च्या जुलैत गडचिरोली जिल्ह्यात धावत्या एसटीचं छप्पर अर्धं उचकटून फडफडत असल्याचं दृश्य साऱ्या राज्याने पाहिलं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात पत्र्याची पुढची कड उघडली, तर एक चौरस मीटर पत्र्यावर सुमारे १७ किलोचा जोर येतो. तो झेलायचं काम रिवेटचं आहे.

आमच्या बसला शेवटी दीड दिवस लागला, आणि त्यातला सव्वा दिवस सफाईत गेला. काकांनी चारही पॉप रिवेट काढून टाकले आणि बंद तोंडाचे नवे, सीलंटमध्ये बुडवून मारले. पोलादी स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वायसर घातले. तडकलेल्या टाक्यांवर पत्र्याची पट्टी बसवली, तिची उघडी कड मागच्या बाजूला ठेवून, म्हणजे वारा पाण्याला आत न रेटता वरून मागे नेतो. गावाकडे कौलं शाकारताना हाच हिशोब असतो, वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे. मग जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं, नव्या घासपट्टीने घासणं, आणि सॉल्व्हंट लावलेलं पांढरं फडकं पुन्हा पुन्हा फिरवणं. पहिलं फडकं काळं, तिसरं राखाडी. पाचवं पांढरं राहिलं तेव्हा कुठे त्यांनी सीलंटची गन हातात घेतली. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधून एका दमात ओढलेली पट्टी, ओल्या बोटाने एकच हात, आणि सीलंट ओलं असतानाच टेप वर.

या सव्वा दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं, हे माझं खरं दुखणं आहे. ठिणग्या उडताना दिसल्या की काम झाल्यासारखं वाटतं. फडकं फिरवणाऱ्या माणसाला आपण मोकळा बसलेला समजतो. ज्यांनी ही सफाई मन लावून केली, त्यांच्याच गाड्या कोरड्या राहतात.

आमच्या बसचे त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. सातव्या रांगेतली ती खिडकी आता रिकामी नसते. तुमच्याकडे पत्र्याच्या बॉडीची बस, टेम्पो किंवा रुग्णवाहिका असेल तर मृग लागायच्या आत, एखाद्या कोरड्या सकाळी, ऊन चढण्याआधी तिच्या छतावर चढा. पांढरी भुकटी कुठे आहे ते बघा, रिवेटच्या डोक्यांवरून बोट फिरवा, आणि पाण्याचा पाइप खालून वर न्या. पाणी जिथून आत शिरतं ती जागा सापडली की तिथेच खडूने खूण करा, ठिबकण्याच्या जागेवर नव्हे, आणि मगच गॅरेजला फोन लावा.